एकच ओळ बदलली, पुल रिक्वेस्टमध्ये मात्र तेवीस कमिट

"दादा, मी एकच ओळ बदलली, अन् हे तेवीस कमिट दाखवून राहिलं. मी तर बाकी कशाला हातच लावला नाही ना!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचं उत्तर एकदाच नीट लिहून ठेवतो. गिट हे कोडमधले बदल नोंदवत ठेवणारं साधन, कमिट म्हणजे त्यातली बदलाची एक नोंद, आणि पुल रिक्वेस्ट म्हणजे 'माझे हे कमिट तुमच्या प्रकल्पात घ्या' अशी विनंती. नागपुरात धरमपेठेत एका मित्राच्या घरी आम्ही काही जण रविवारी सकाळी बसतो. अभियांत्रिकीची मुलं-मुली असतात, नुकतेच नोकरीला लागलेले दोघं-तिघं असतात आणि मराठी भाषांतराची आवड असलेल्या एक शिक्षिका येतात. तर्री-पोहे झाले की लॅपटॉप उघडतात आणि मुक्त स्रोत प्रकल्पांमधली छोटी कामं हातात घेतली जातात. कुणी दस्तऐवजातली चूक सुधारतं, कुणी चाचणी लिहितं, कुणी मेन्यूतल्या शब्दाचं मराठी करतं.

हा त्रास पहिल्या पुल रिक्वेस्टला जवळजवळ कधीच होत नाही. पहिली व्यवस्थित जाते, मर्ज होते (म्हणजे प्रकल्पात मिसळली जाते), घरच्यांना स्क्रीनशॉट पाठवला जातो. आठवड्याभराने दुसरी उघडली की त्यात पहिल्या कामाचे सगळे कमिट परत हजर. मेन्टेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, एका ओळीत लिहितो, 'या कामाशी संबंध नसलेले कमिट काढा', आणि तिथे बरेच जण थांबतात. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने अशीच आपली पुल रिक्वेस्ट स्वतःहून बंद करून टाकली होती. तिने शोधलेला दोष खरा होता आणि दुरुस्तीही बरोबर होती. तिला वाटलं, आपल्याला गिट येत नाही म्हणजे आपल्याला हे जमणार नाही. तिला त्या वेळी कुणी वीस मिनिटं शेजारी बसून दाखवलं असतं तर ते काम आज त्या प्रकल्पात असतं. हे लिहायचं कारण तेच.

एक सूचना आधी. खाली कमांड आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. 'ओरिजिन' म्हणजे तुमचा फोर्क (मूळ प्रकल्पाची तुमच्या खात्यातली प्रत), 'अपस्ट्रीम' म्हणजे मूळ प्रकल्पाचा रेपो (कोड आणि त्याचा इतिहास असलेली जागा) आणि 'मेन' म्हणजे मुख्य ब्रँच (कमिटची एक वाट). जुन्या प्रकल्पांत हिचं नाव अजून 'मास्टर' असतं. गिटचे प्रकल्प ठेवायचं संकेतस्थळ असलेल्या गिटहबने नव्या रेपोंसाठी 'मेन' हे नाव ऑक्टोबर २०२० पासून घेतलं, तेव्हा आधी आपल्या प्रकल्पात कोणतं नाव आहे ते बघा. उदाहरणं गिटहबची आहेत. गिटलॅबवर याच गोष्टीला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात, बाकी कारण तेच.

सगळ्यात आधी: फोर्क डिलीट करू नका

घाबरून बहुतेक जण हेच करतात. फोर्क उडवायचा, नवा घ्यायचा, फाइल परत बदलायची. त्याने दिसायला सगळं स्वच्छ होतं, पण उघड्या असलेल्या पुल रिक्वेस्टचा तुमच्या ब्रँचशी असलेला धागा तुटतो आणि तिच्यात पुढे काहीही पुश करता (चढवता) येत नाही. शिवाय मूळ कारण तसंच राहतं, त्यामुळे पुढच्या महिन्यात तोच त्रास पुन्हा. एका मुलाने एकाच प्रकल्पाचा फोर्क चार वेळा घेतला होता.

दुसरी घाईची गोष्ट म्हणजे पुल रिक्वेस्ट बंद करून नवी उघडणे. मेन्टेनरने जुनीवर वेळ घालवून शेरे लिहिलेले असतात. ते मागे पडतात आणि त्याला सगळं पुन्हा वाचावं लागतं. तो बहुधा हे काम नोकरी सांभाळून, रात्री उशिरा करत असतो.

तेव्हा काही पुसायच्या आधी एक जादा ब्रँच करून ठेवा:

गिट ब्रँच बॅकअप

बस, एवढंच. आता पुढे काहीही बिघडलं तरी तुमचं कमिट केलेलं काम या नावाखाली जसंच्या तसं राहील.

असं का होतं

पहिलं काम करताना तुम्ही फोर्क घेतला, क्लोन केला (लॅपटॉपवर उतरवला) आणि थेट मेनवरच कमिट करत गेलात. समजा सात कमिट झाले. पुल रिक्वेस्ट तुमच्या मेनवरून प्रकल्पाच्या मेनकडे गेली. मेन्टेनरला बदल आवडला आणि त्याने 'स्क्वॉश अँड मर्ज' बटण दाबलं. इथेच दोन इतिहासांच्या वाटा फुटल्या आणि कुणाला कळलंही नाही.

स्क्वॉश करताना तुमच्या सात कमिटचा एकत्र परिणाम घेऊन एक नवाकोरा कमिट तयार होतो आणि तोच प्रकल्पाच्या मेनवर जातो. मजकूर तुमचाच, श्रेयही तुमचंच, पण गिटच्या दृष्टीने तो वेगळा कमिट. गिट कमिट ओळखतो हॅशवरून, म्हणजे गणिताने काढलेल्या ओळखक्रमांकावरून, आणि तो हॅश फक्त फाइलींवरून काढलेला नसतो. त्यात फाइलींची स्थिती, आधीचा कमिट कोणता, लेखक कोण, कमिट करणारा कोण, दोघांच्या वेळा आणि संदेश एवढं सगळं मिसळलेलं असतं. यातलं एक अक्षर बदललं तरी चाळीस अक्षरांचा हॅश पूर्ण बदलतो.

कळमना बाजारात संत्री नेणाऱ्याला हे लगेच समजेल. तुम्ही सात पेट्या नेल्या, प्रत्येकीवर तुमचा क्रमांक. व्यापाऱ्याने सगळी संत्री एका मोठ्या पेटीत भरली आणि तिच्यावर नवा क्रमांक टाकला. संत्री तीच. पण वहीत क्रमांक पाहणाऱ्याला तुमच्या सात पेट्या कुठेच सापडणार नाहीत आणि तो म्हणेल, या तर अजून आल्याच नाहीत. गिट ती वही पाहतो.

त्यामुळे तुमच्या फोर्कच्या मेनवर ते सात जुने कमिट तसेच राहतात. पुढच्या वेळी त्याच मेनवर आठवा कमिट केला की पुल रिक्वेस्टमध्ये आठही दिसतात, कारण मूळ प्रकल्पात त्यांच्यापैकी एकही, त्या क्रमांकाने, नाही. मधे कधी 'सिंक फोर्क' दाबलं किंवा साधं 'गिट पुल' केलं असेल तर एखाद-दोन मर्ज कमिटची भर पडते. असं करत तेवीस होतात.

'रिबेस अँड मर्ज' (कमिट नव्या पायावर पुन्हा लावून मर्ज) बटणानेही हेच होतं. तिथे सात कमिट सातच राहतात, पण गिटहब त्यांना नव्या हॅशने लिहितं. जुने हॅश फक्त साध्या मर्ज कमिटमध्ये टिकतात. ज्यांचा पहिला प्रकल्प तसा असतो त्यांना हा त्रास होत नाही, आणि मग ते दुसऱ्या प्रकल्पात गेले की 'तिथे तर चालत होतं' असं म्हणतात. दोन्ही प्रकल्प आपापल्या जागी बरोबर असतात.

यात गिटचा दोष नाही. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं, तेव्हा पुल रिक्वेस्टचं हे बटण नव्हतं. पॅच (बदलांचे तुकडे) ईमेलने जायचे आणि आजही कर्नलमध्ये तसेच जातात. स्क्वॉशचं बटण गिटहबवर २०१६ मध्ये आलं. त्या बटणामागे काय घडलं ते तुमच्या लॅपटॉपवरच्या गिटला सांगणारं कुणी नसतं. ते आपण सांगायचं.

तपासणी

तुमचा त्रास हाच आहे की दुसरा, ते आधी बघा. अपस्ट्रीम जोडलेला आहे का?

गिट रिमोट -व्ही

यात फक्त ओरिजिन दिसत असेल तर 'गिट रिमोट अ‍ॅड अपस्ट्रीम' लिहून पुढे मूळ प्रकल्पाचा पत्ता द्या. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे तो जोडलेला नसतोच, आणि मग ते स्वतःच्या फोर्कशी स्वतःची तुलना करत बसतात. त्यानंतर मूळ प्रकल्पाचे ताजे कमिट आणून तुलना करा:

गिट फेच अपस्ट्रीम
गिट लॉग --वनलाइन अपस्ट्रीम/मेन..हेड

दुसरी कमांड सांगते की तुमच्याकडे आहेत पण मूळ प्रकल्पात नाहीत असे कमिट कोणते. मधले दोन टिंब महत्त्वाचे आहेत, आणि 'हेड' मोठ्या अक्षरांत लिहायचं. ही यादी पुल रिक्वेस्टच्या कमिट टॅबशी जुळली पाहिजे. वरचे एक-दोन कमिट आजच्या कामाचे आणि खालचे महिन्याभरापूर्वी मर्ज झालेल्या कामाचे असतील, तर निदान पक्कं झालं.

अजून खात्री हवी तर:

गिट चेरी -व्ही अपस्ट्रीम/मेन

ज्या कमिटसारखाच बदल मूळ प्रकल्पात आधीच आहे त्यांच्यापुढे उणे चिन्ह येतं, नव्यांपुढे अधिक. फार कामाची कमांड, पण तिची एक मर्यादा ओळखून वापरा. ती एकेका कमिटचा बदल ताडून पाहते. सात कमिट स्क्वॉश होऊन एक झाले असतील तर त्या सातांपैकी एकही त्या एकाशी जुळत नाही आणि सगळ्यांपुढे अधिकच दिसतं. तेव्हा 'अधिक' दिसलं म्हणून तो कमिट नवा, असं धरून चालू नका. संदेश आणि तारीख वाचा.

एक वेगळा प्रकारही दिसतो. कमिट टॅबमध्ये तेवीस, पण बदललेल्या फाइलींच्या टॅबमध्ये बरोबर तुमची एकच ओळ. मधे कधीतरी अपस्ट्रीम तुमच्या ब्रँचमध्ये मर्ज झालेलं असलं की असं होतं, कारण फाइलींची तुलना दोन्ही ब्रँचच्या शेवटच्या सामाईक कमिटपासून केली जाते. प्रकल्प स्क्वॉशच करत असेल तर यात खरं नुकसान काही नाही. माझं मत असं की तेव्हा खटाटोप करण्याआधी मेन्टेनरला सरळ विचारावं: 'फाइलींमधला बदल एवढाच आहे, कमिट साफ करून देऊ का?' काही जण म्हणतात राहू दे. ज्या प्रकल्पात प्रत्येक कमिटवर 'साइन्ड-ऑफ-बाय' ही सहीची ओळ लागते तिथे मात्र राहू देता येत नाही. जुन्या सहीविना कमिटमुळे तपासणी लाल होते आणि मुलं चुकीच्या ठिकाणी दोष शोधत राहतात.

दुरुस्ती, पुल रिक्वेस्ट अजून उघडली नसेल तर

हे सोपं आहे. मूळ प्रकल्पाच्या ताज्या मेनवरून नवी ब्रँच काढा आणि तुमचा एकच कमिट उचलून तिच्यावर ठेवा:

गिट स्विच -सी नवी-ब्रँच अपस्ट्रीम/मेन
गिट चेरी-पिक, पुढे तुमच्या कमिटचा हॅश
गिट पुश -यू ओरिजिन नवी-ब्रँच

ब्रँचला कामावरून नाव द्या, अर्थातच इंग्रजीत. 'गिट स्विच' ऑगस्ट २०१९ मध्ये गिटच्या २.२३ आवृत्तीत आली. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर ती नसेल तर 'गिट चेकआउट -बी' वापरा.

दुरुस्ती, पुल रिक्वेस्ट उघडी असेल तर

इथे सावकाश चला. गिटहबवर उघड्या पुल रिक्वेस्टची लक्ष्य ब्रँच बदलता येते, पण ती जिथून आली ती तुमची ब्रँच बदलता येत नाही. म्हणजे शेरे टिकवायचे असतील तर त्याच ब्रँचचा इतिहास दुरुस्त करावा लागतो.

बहुतेक ठिकाणी सल्ला असतो, 'अपस्ट्रीमवर रिबेस करा'. तो अर्धा बरोबर आहे. साधा रिबेस तुमचे तेवीसही कमिट एकामागून एक नव्या जागी लावायला जातो. ज्यांचा बदल तंतोतंत आधीच आलेला आहे ते तो स्वतःच गाळतो. स्क्वॉश झालेले सात मात्र त्याला ओळखू येत नाहीत. अंतिम रूप आधीच तिथे आहे आणि हा त्याच्यावर पहिला, कच्चा कमिट लावू पाहतो, म्हणून कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोन न जुळणारे बदल. तो सोडवला की दुसरा. मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत कूलरचा आवाज, एका मुलाने असे अकरा कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवले होते. शेवटी हाती आलेला कोड सुरुवातीपेक्षा वाईट होता. तो जिद्दीचा होता, पण ती जिद्द लागायलाच नको होती.

योग्य कमांड ही:

गिट रिबेस --ऑन्टू अपस्ट्रीम/मेन जुना-शेवटचा तुमची-ब्रँच

'जुना-शेवटचा' या जागी नको असलेल्या कमिटपैकी सगळ्यात अलीकडच्याचा हॅश द्यायचा. अर्थ असा: याच्या नंतरचे तेवढे घे आणि अपस्ट्रीमच्या मेनवर लाव. बाकीच्यांना हातच लागत नाही. वरच्या लॉगमध्ये रेघ कुठे मारायची ते आधी कागदावर लिहा, मग कमांड द्या. आम्ही खरोखर कागदावर लिहितो.

कॉन्फ्लिक्ट आलाच तर एक गोष्ट डोक्यात ठेवा. रिबेसमध्ये 'अवर्स' आणि 'देअर्स' यांचा अर्थ उलटतो. मर्ज करताना अवर्स म्हणजे तुमचं. रिबेस करताना तुमचे कमिट अपस्ट्रीमवर नेऊन लावले जात असतात, त्यामुळे अवर्स म्हणजे अपस्ट्रीमचं आणि देअर्स म्हणजे तुमचं. एडिटरमध्ये डोळे मिटून वरचं बटण दाबणाऱ्यांचं काम इथेच उडतं. गोंधळ वाटला तर 'गिट रिबेस --अबॉर्ट' द्या, सगळं सुरुवातीच्या जागी येईल.

मग फोर्कवर पाठवताना:

गिट पुश --फोर्स-विथ-लीझ ओरिजिन तुमची-ब्रँच

नुसता '--फोर्स' नको. पुल रिक्वेस्ट उघडताना 'मेन्टेनरला बदल करू द्या' ही खूण सहसा आधीच केलेली असते, आणि कधीकधी मेन्टेनर खरोखर तुमच्या ब्रँचवर एखादी दुरुस्ती टाकतो. नुसता फोर्स ती पुसून टाकतो. लीझवाला आधी बघतो की फोर्कवर ती ब्रँच तुम्ही शेवटी पाहिली तशीच आहे का, नसेल तर थांबतो. यात एक फट आहे. एडिटर पार्श्वभूमीला आपोआप फेच करत असेल तर 'शेवटी पाहिली' ही खूण तुमच्या नकळत पुढे सरकते आणि लीझचं संरक्षण जातं. म्हणून एडिटरमधलं आपोआप फेच बंद ठेवा, किंवा पुशच्या आधी पुल रिक्वेस्टचं पान उघडून कुणाचा नवा कमिट आलाय का ते डोळ्यांनी पाहा.

पुश झाल्यावर पुल रिक्वेस्टमध्ये दोन ओळी लिहा: जुने कमिट काढले, बदल तोच आहे, पुन्हा पाहता येईल का. काहीच न लिहिता फोर्स पुश केला की आधीचे शेरे कोणत्या ओळींवर होते हे शोधायला मेन्टेनरला त्रास होतो. दोन ओळींनी तो त्रास वाचतो.

पुल रिक्वेस्ट थेट मेनवरूनच उघडी असेल तर

गेल्या पावसाळ्यात मी इथेच एकाचं नुकसान केलं. त्याने विचारलं, "दादा, मेन साफ कसा करू?" मी स्क्रीन नीट न पाहता सांगितलं, मेन अपस्ट्रीमवर रीसेट कर आणि पुश कर. त्याने केलं. त्याची पुल रिक्वेस्ट त्याच मेनवरून उघडी होती. तिच्यात आता एकही कमिट उरला नाही, म्हणून गिटहबने ती आपोआप बंद केली, आणि इतिहास बदलल्यामुळे ती परत उघडता येईना. दोन आठवड्यांची चर्चा तिच्यात होती. त्याचा कमिट 'गिट रिफ्लॉग'मधून (ब्रँच कुठे कुठे होती त्या नोंदींमधून) परत मिळाला, नवी पुल रिक्वेस्ट उघडली, तिच्यात जुनीचा दुवा दिला आणि जुनीवर मी स्वतः लिहिलं की चूक सल्ला देणाऱ्याची आहे. मेन्टेनरने समजून घेतलं. तेव्हापासून मी आधी विचारतो: तुझी कोणती पुल रिक्वेस्ट कोणत्या ब्रँचवरून उघडी आहे?

मेनवरूनच उघडी असेल तर ती मर्ज होईपर्यंत मेन हीच तुमची कामाची ब्रँच समजा. वरचा रिबेस मेनवरच चालवा आणि फोर्स-विथ-लीझने पुश करा. दुसरं नवं काम मात्र तिच्यावर करू नका, नाहीतर तेही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये जाऊन बसेल. ते अपस्ट्रीम/मेनवरून वेगळ्या ब्रँचवर करा. पहिली मर्ज झाली की मग मेन साफ करा:

गिट स्विच मेन
गिट स्टेटस
गिट रीसेट --हार्ड अपस्ट्रीम/मेन
गिट पुश --फोर्स-विथ-लीझ ओरिजिन मेन

मधलं 'गिट स्टेटस' वगळू नका. 'रीसेट --हार्ड' कमिट न केलेले बदल उडवतो आणि ते रिफ्लॉगमध्येही सापडत नाहीत, कारण रिफ्लॉग ब्रँच कुठून कुठे सरकली तेवढंच लक्षात ठेवतो. कमिट केलेलं काही चुकून सुटलं तर वेळ असतो. मुद्दाम काही बदललं नसेल तर गिट अशा सुटलेल्या कमिटच्या नोंदी ३० दिवस ठेवतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

फोर्कचा मेन हा मूळ प्रकल्पाचा आरसा आहे, त्याच्यावर आपण काही लिहायचं नाही. नियम एवढाच. दर कामाला नवी ब्रँच, आणि ती नेहमी ताज्या अपस्ट्रीम/मेनवरून, आधीच्या कामाच्या ब्रँचवरून कधीच नाही. नियम पाठ असूनही हात चुकतो, म्हणून गिटलाच अडवायला सांगा. मी प्रत्येक नव्या मशीनवर हे करून देतो:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुल.एफएफ ओन्ली

याने 'गिट पुल' नकळत मर्ज कमिट करू शकत नाही. वाटा फुटल्या असतील तर तो थांबून सांगतो. २०२१ च्या २.३३ आवृत्तीपासून गिट अशा वेळी स्वतःच थांबून विचारतो की काय करायचं, पण तेव्हा घाईत मुलं दिसेल तो पर्याय निवडतात. त्यापेक्षा आधीच ठरवलेलं बरं.

गिट ब्रँच --सेट-अपस्ट्रीम-टू=अपस्ट्रीम/मेन मेन
गिट कॉन्फिग रिमोट.पुशडिफॉल्ट ओरिजिन

या दोन ओळींनी मेनवरचं पुल मूळ प्रकल्पातून येतं आणि पुश तुमच्या फोर्कवर जातो. आणि प्री-कमिट हे साधन वापरत असाल तर त्यात 'नो-कमिट-टू-ब्रँच' नावाचा तयार हुक (कमिटच्या आधी आपोआप चालणारी तपासणी) आहे. मेन आणि मास्टरवरचे कमिट तो मुळातच नाकारतो. आमच्यातल्या सगळ्यात विसराळू मुलाने तो लावला, आणि आता तोच बाकीच्यांना लावून देतो.

मराठी भाषांतर करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

शिक्षिकाबाईंचा त्रास वरवर असाच होता, पण मुळात वेगळा निघाला. त्यांनी पीओ फाइलमध्ये (मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं ठेवणाऱ्या फाइलमध्ये) चार शब्द बदलले आणि पुल रिक्वेस्टमध्ये तीनशे ओळी बदललेल्या दिसल्या. दर वेळी कॉन्फ्लिक्टही येई, तोही फाइलच्या अगदी वरच्या भागात.

कारण असं की पीओ फाइलच्या माथ्यावर शेवटच्या बदलाची तारीख आणि शेवटच्या भाषांतरकाराचं नाव असतं. पोएडिटसारखं साधन फाइल जतन करताना तारीख दर वेळी बदलतं. दोघांनी एकाच दिवशी एकच फाइल उघडली, एकमेकांच्या शब्दांना हातही लावला नाही, तरी माथ्यावर कॉन्फ्लिक्ट ठरलेलाच. शिवाय ते साधन लांब ओळी आपल्या पद्धतीने मोडतं, म्हणून न बदललेल्या ओळीही बदललेल्या दिसतात.

उपाय साधा आहे. एका वेळी एक फाइल एकाच माणसाकडे. आम्ही रविवारी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर फाइलींपुढे नावं लिहितो. पोएडिटच्या पसंतींमध्ये ओळींची मूळ मांडणी जपण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. माथ्यावर कॉन्फ्लिक्ट आला तर अपस्ट्रीमची ओळ ठेवा आणि पुढे जा, तारखेवर कुणाचं काम अडत नाही. शेवटी पीओ फाइल तपासायला 'एमएसजीएफएमटी --चेक' चालवा. '%एस' सारखी एखादी खूण (जिच्या जागी प्रोग्रॅम नंतर शब्द घालतो) भाषांतरात गळली असेल तर ते तिथेच सांगतं. ही खूण गळली तर मराठीत प्रोग्रॅम वापरणाऱ्याच्या समोर तो बंद पडू शकतो, तेव्हा ही तपासणी टाळू नका.

त्याही आधी प्रकल्पाची योगदान-सूचना वाचा. अनेक प्रकल्प भाषांतरं पुल रिक्वेस्टने घेतच नाहीत, वेबलेटसारख्या ऑनलाइन भाषांतराच्या जागी घेतात. बाईंचं एक आख्खं महिन्याचं काम याच कारणाने परत आलं होतं. पण शब्द वाया गेले नाहीत. वेबलेटवर पीओ फाइल चढवता येते.

तीनशेऐवजी सगळी फाइलच बदललेली दिसत असेल तर ती ओळींच्या शेवटाची भानगड आहे. विंडोजचा ओळ-शेवट वेगळा, लिनक्सचा वेगळा. 'गिट डिफ --इग्नोर-स्पेस-अ‍ॅट-ईओएल' दिलं की खरा बदल तेवढा उरतो. तेव्हा तुमच्या एडिटरला प्रकल्पाचाच ओळ-शेवट ठेवायला सांगा. प्रकल्पाची सगळी फाइल आपल्या मनाने 'सुधारून' पाठवू नका.

तरीही सुटलं नाही तर

विचारा, पण फोनने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवू नका. त्यात हॅश वाचता येत नाहीत. या चार कमांडचं उत्तर मजकूर म्हणून चिकटवा: 'गिट स्टेटस', 'गिट रिमोट -व्ही', 'गिट ब्रँच -व्हीव्ही' आणि 'गिट लॉग --वनलाइन --ग्राफ -२० --ऑल'. रिमोटच्या पत्त्यात चुकून टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) लिहिलेलं असेल तर ते आधी काढा. सोबत पुल रिक्वेस्टचा दुवा, आणि तुम्ही शेवटी कोणत्या कमांड दिल्या ते 'हिस्टरी'मधून उचलून द्या, चुकलेल्या कमांडसुद्धा. त्या चुकलेल्या ओळींतच बहुतेक वेळा उत्तर असतं. धरमपेठेत येणार असाल तर साडेआठपर्यंत या, त्यानंतर पोहे संपतात. लॅपटॉपवर बॅकअप नावाची ब्रँच मात्र घरूनच करून आणा.